भार कोठे जातो?

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मुलांना हेलिकॉप्टर हे यंत्र अपरिचित राहिलेले नाही. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले म्हणजे भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, आणि अशा वेळी आकाशमार्ग हाच काय तो मार्ग उरतो. जंगलात जखमी झालेल्या जवानास नागपुरास नेणारे वाहन तेच. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवरील अधिकाऱ्यांना व त्यांच्या मतदानयंत्रांना वायुदलाच्या एम्‌.आय.-१७ जातीच्या हेलिकॉप्टरांनीच पोहोचविले. असे हे यंत्र गावावरून जाऊ लागले म्हणजे लहानथोर सर्व अंगणात येऊन वर पाहतात. त्यांना दिसते ते फिरत्या पात्यांचे चक्र. परंतु ती पाती मध्यभागी ज्या सांध्याने जोडलेली असतात, तो सांधा कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेख त्या सांध्याविषयी, म्हणजे बिजागरीविषयी आहे.

एवढ्याशा बिजागरीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हेलिकॉप्टरचे पाते टिकणार की तुटणार हे पात्याच्या लांबीरुंदीपेक्षा त्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर अधिक अवलंबून असते. आणि त्या सांध्याचा इतिहास आपणांस एक मोठा नियम शिकवितो. तो नियम असा : बिजागरी भार नाहीसा करीत नाही, ती फक्त त्याची जागा बदलते. एका ठिकाणचा ताण हलका केला की तो दुसरीकडे जाऊन बसतो. तो कोठे गेला हे जो विचारीत नाही, त्यास पुढे केव्हा तरी त्याची किंमत द्यावी लागते. हा नियम आमच्या शाळांतून शिकविला जावा, आणि तो फळ्यावर नव्हे तर हातांनी शिकविला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम आपल्या परिचयाची वस्तू घेऊ. खांद्यावर बांबू आडवा टाकून त्याच्या दोन्ही टोकांना ओझी बांधून चालणारा मनुष्य आपल्या भागात सर्वांनी पाहिला आहे. ही कावड नीट निरखून पाहावी. दोन्ही ओझ्यांचे एकत्र वजन खांद्यावर येते. परंतु बांबू सर्वांत जास्त वाकतो तो टोकाशी नव्हे, खांद्याजवळ. बांबू मोडलाच तर तेथेच मोडावयाचा. शिवाय कावड खांद्याला बांधलेली नसते, नुसती टेकलेली असते. त्यामुळे चालताना एक टोक वर गेले की दुसरे खाली जाते, कावड झुलते, पण वाहणाऱ्याचा खांदा पिरगळला जात नाही. तीच कावड खांद्याला घट्ट आवळून बांधली तर प्रत्येक झोक्यासरशी मनुष्य कलंडेल. दोन पात्यांचे हेलिकॉप्टर ही उलटी कावडच होय. कावडीत ओझी खाली ओढतात, येथे दोन्ही पाती वर उचलतात. आणि खांद्याच्या जागी यंत्राचा उभा आस असतो. हे साम्य ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन कठीण वाटणार नाही.

आता पात्यावर कोणकोणती बले येतात ती पाहू. समजा, एक पाते ५ मीटर लांब व २५ किलो वजनाचे आहे आणि ते मिनिटास ४०० फेरे घेते. लहान हेलिकॉप्टरांत साधारण असेच मान असते. फिरणारी वस्तू बाहेर पळू पाहते, हे फुगडी खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी हिशोब करून पाहावा : पात्याच्या मध्यावर, म्हणजे आसापासून अडीच मीटरवर, हा बाहेर ओढणारा जोर वस्तूच्या वजनाच्या सुमारे साडेचारशे पट भरतो. म्हणजे २५ किलोचे पाते आपल्या मुळाला सुमारे ११ टनांच्या ओढीने ओढत असते! हीच ओढ पात्याला ताठ ठेवते. थांबलेल्या हेलिकॉप्टरची पाती खाली लोंबतात आणि फिरू लागताच सरळ होतात, त्याचे कारण हेच.

दुसरे बल उचलण्याचे. यंत्राचे एकूण वजन १,१०० किलो धरले तर प्रत्येक पात्यास ५५० किलो उचलावे लागतात. बाहेरची ओढ ११,००० किलोंची व वरची उचल ५५० किलोंची, म्हणजे विसास एक हे प्रमाण झाले. म्हणून पाते वीस हात लांबीमागे सुमारे एक हात वर चढून स्थिर होऊ पाहते. ५ मीटरच्या पात्याचे टोक सुमारे २५ सेंटिमीटर उचलले जाते, आणि फिरती पाती उलट्या धरलेल्या उथळ छत्रीसारखी दिसतात. पण मुळाशी पाते पक्के आवळलेले असेल तर तेथे त्यास वर जाता येत नाही. तेथील धातू वाकतो व ताण साठतो. कावडीचा बांबू खांद्याजवळ वाकतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हेलिकॉप्टर पुढे जाऊ लागले म्हणजे दोन्ही बाजूंची पाती सारखी उचलत नाहीत. आमच्या उदाहरणात टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २१० मीटर आहे. यंत्र सेकंदाला ५० मीटर, म्हणजे तासाला १८० किलोमीटर वेगाने पुढे जात असेल, तर पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला २६० चा वारा मिळतो व मागे जाणाऱ्यास १६० चा. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे पुढे येणाऱ्या टोकाकडे ती दुसऱ्याच्या अडीचपटीहून अधिक होऊ पाहते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पाते एकदा जोराने उचलले जाते व एकदा सैल पडते. तासाला असे २४,००० हेलकावे, आणि हजार तासांत २ कोटी ४० लाख! लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा इकडून तिकडे वाकविली तर तुटते. धातूलाही थकवा येतो. पाते तुटते ते बहुधा एका मोठ्या धक्क्याने नव्हे, तर अशा असंख्य लहान हेलकाव्यांनी.

या अडचणीवर पहिला उपाय शोधला तो स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा याने. त्याचे यंत्र ऑटोजायरो होते. त्याची पाती एंजिनाने न फिरता वाऱ्याने फिरत. पण सांध्याचा प्रश्न तोच. त्याची आरंभीची यंत्रे, ज्यांत पाती तुंब्याला पक्की आवळलेली होती, जमिनीवरून उठताच एका बाजूस कलंडत. गंमत अशी की, त्याने केलेली लहान प्रतिकृती मात्र उत्तम उडे. विचार करता त्यास उमगले की, प्रतिकृतीची पाती वेताच्या काड्यांची असल्याने लवचीक होती. ती वरखाली लवत, म्हणून यंत्र कलंडत नसे. तेव्हा त्याने मोठ्या यंत्रात प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसविली आणि जानेवारी १९२३ मध्ये ते यंत्र उडाले. दार ढकलले तर बिजागरी मोडत नाही, दार फिरते. तद्वत् पाते वर फेकले गेले तरी मुळाशी वाकण्याचा ताण येत नाही, कारण बिजागरीतून वाकण्याचा जोर पलीकडे जाऊच शकत नाही.

येथे कोणास वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. गिरकी घेणारी मुलगी पसरलेले हात अंगाजवळ घेते तेव्हा तिची गिरकी वाढते, हे आपण पाहतो. तसेच पाते वर उचलले गेले की त्याचे वजन आसाच्या किंचित जवळ येते व ते पुढे धावू पाहते. खाली आले की मागे रेंगाळू पाहते. वरखाली होण्याची मोकळीक मिळाली, पण पुढेमागे होण्याची मिळाली नाही. म्हणून वाकण्याचा ताण आता आडव्या दिशेने मुळाशी जमू लागला. १९२७ साली इंग्लंडात सिएर्व्हाच्या एका यंत्राचे पाते उड्डाण चालू असताना मुळाशी तुटले. वैमानिक सुदैवाने वाचला. त्यानंतर पात्यांस पुढेमागे हलू देणारी दुसरी बिजागरी बसविण्यात आली. पहिल्या बिजागरीने हलविलेला भार कोठे गेला होता, ते या अपघाताने दाखविले.

आता दोन पात्यांच्या हेलिकॉप्टराकडे वळू. अमेरिकेतील आर्थर यंग याने १९२८ पासून अनेक वर्षे घरीच लहान प्रतिकृती करून हा प्रश्न अभ्यासिला. कित्येक प्रतिकृती मोडल्या. प्रत्येक मोडक्या तुकड्याने त्यास काही शिकविले. १९४१ साली तो बेल कंपनीत गेला, आणि तेथे तयार झालेल्या ‘बेल ४७’ या यंत्रास ८ मार्च १९४६ रोजी मुलकी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळविणारे ते पहिलेच हेलिकॉप्टर होय. पुढे ते आपल्या वायुदलातही होते.

यंगने योजिलेला सांधा म्हणजे कावडच. त्याने दोन्ही पाती एकाच मजबूत तुंब्याला जोडली आणि तो तुंबा आसाच्या माथ्यावर एकाच बिजागरीने टेकविला. एक पाते वर गेले की दुसरे खाली जाते. या रचनेत प्रत्येक भाराची वाट कशी ठरविली आहे, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला भार अकरा टनांच्या ओढीचा. फुगडीत दोघी मुली मागे झुकतात, एकीची ओढ दुसरीच्या हातांतून तिला पोहोचते आणि दोन्ही ओढी परस्परांस तोलतात. जमिनीवर त्याचा बोजा पडत नाही. तसेच येथे एका पात्याची ओढ तुंब्यातून थेट दुसऱ्या पात्यास मिळते. मधल्या बिजागरीला फक्त यंत्राचे वजन तोलावे लागते, अकरा टन नव्हेत.

दुसरा भार पाती वर चढण्याचा. दोन्ही पाती एकदम वर जाऊ पाहतात, तेव्हा झोक्याच्या बिजागरीचा काही उपयोग नाही. कावडीची दोन्ही टोके एकदम खाली ओढली असता ती झुलत नाही, वाकतेच. म्हणून यंगने तुंब्यालाच आधीपासून किंचित वरचा बाक दिला. नेहमीच्या वजनास पाते जेवढे वर चढू पाहते तेवढाच हा बाक असला, तर मुळाशी वाकण्याचा ताण जवळजवळ उरत नाही. पण हा हिशोब एकाच वजनापुरता खरा. यंत्रात जास्त माणसे बसविली आणि वजन १,४०० किलो झाले, तर टोक २५ ऐवजी सुमारे ३२ सेंटिमीटर चढू पाहील, आणि वाढलेल्या चढाचा ताण मुळाच्या धातूला सोसावा लागेल. ठरविलेल्याहून अधिक ओझे भरू नये, हा नियम केवळ एंजिनाच्या शक्तीसाठी नाही, हे यावरून समजावे.

तिसरा भार पुढेमागे ओढण्याचा. वर सांगितल्याप्रमाणे पात्याचे वजन आसाच्या जवळ-दूर होत असल्याने तो उत्पन्न होतो. पाती बाकामुळे वर चढलेली असल्याने त्यांचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या वर गेला असता, आणि प्रत्येक झोक्यास एका बाजूचे वजन आसाकडे सरकले असते. यंगने तुंबा बिजागरीच्या किंचित खाली टांगला. त्यामुळे पात्यांचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या पातळीत आला, आणि झोका घेताना तो आसाच्या जवळ-दूर होईनासा झाला. तरीही काही आडवा ताण उरतोच. तो सोसण्यासाठी अशा पात्याचे मूळ आडव्या दिशेने फार ताठ करतात. फूटपट्टी सपाट धरून सहज वाकते, पण उभी धरून वाकविता येत नाही. तेच तत्त्व येथे आहे. याचा एक लाभ असा की, पुढेमागे हलणाऱ्या पात्यांच्या यंत्रांत जमिनीवर असतानाच पात्यांचे व सांगाड्याचे हेलकावे जुळून यंत्र थरथरत मोडून पडण्याचा जो धोका असतो, तो येथे राहात नाही. आणि तोटा असा की, पात्यांचे आडवे धक्के तुंब्यातून सरळ खाली येतात व प्रत्येक फेऱ्यास दोनदा सर्व यंत्र हादरते. पात्याचा भार अशा रीतीने प्रवाशाच्या अंगापर्यंत पोहोचतो.

परंतु झोक्याच्या बिजागरीची खरी किंमत निराळीच आहे. कावड खांद्यास पिरगळत नाही, याचाच अर्थ असा की कावडीने खांद्यास वळविताही येत नाही. यंत्राचे धड चक्राखाली लंबकासारखे लोंबते, आणि चक्राच्या मागे मागे जाते ते केवळ उचलीच्या जोरावर. रस्त्यावरील उंचवट्यावरून मोटार वेगाने गेली म्हणजे क्षणभर आपण हलके होतो व पोटात गोळा येतो. तसे वैमानिकाने दांडी एकदम पुढे लोटली तर यंत्र क्षणभर भाररहित होते. उचल नाही, म्हणून धड चक्राच्या आज्ञेत राहात नाही. शेपटीचे लहान पाते त्यास एका बाजूस लोटू लागते. वैमानिक घाबरून दांडी विरुद्ध दिशेस ओढतो. चक्र कलते, पण धड वळत नाही. शेवटी झोक्याची मर्यादा संपते, तुंबा आसावर आदळतो, आणि आसच तुटतो. अशा अपघातांत अमेरिकेच्या सैन्याची अनेक यंत्रे नष्ट झाली. पात्याच्या मुळाचा ताण बिजागरीने हलका केला, तो शेवटी वैमानिकाच्या शहाणपणावर येऊन बसला.

पुढे फ्रँक रॉबिन्सन या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञाने या सांध्यात आणखी सुधारणा केली. १९७९ साली मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आर २२’ या लहान यंत्रात झोक्याच्या बिजागरीखेरीज प्रत्येक पात्याच्या मुळाशी एकेक स्वतंत्र बिजागरी आहे. म्हणजे एकूण तीन. आता तुंब्याच्या ठराविक बाकाची गरज राहिली नाही. वजन कमी असो वा अधिक, पाते आपणच हवे तेवढे वर चढते. त्याचे वाकणे व थरथरणे कमी होते. ही युक्ती खरोखर चतुर आहे. पण आपला प्रश्न येथेही विचारावा : भार कोठे गेला? पाते व तुंबा यांच्यामध्ये आता एक खिळा आला, आणि पूर्वी तुंब्यातून अखंड जाणारी टनावारी ओढ त्या खिळ्यातून जाऊ लागली. म्हणून त्या खिळ्याची तपासणी हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. शिवाय या यंत्राची पाती हलकी असल्याने एंजिन बंद पडताच त्यांचा वेग झपाट्याने उतरतो आणि वैमानिकास एक-दोन सेकंदांतच योग्य ती कृती करावी लागते. आणि आसावर आदळण्याचा धोका मुळातच झोक्याच्या बिजागरीत असल्याने तोही गेला नाही. १९९५ साली अमेरिकेच्या विमान-खात्याने रॉबिन्सनच्या दोन जातींच्या यंत्रांसाठी वैमानिकांच्या खास शिक्षणाचा नियम केला, तो याच कारणांनी.

तर मग दोन पात्यांची यंत्रे टाकाऊ म्हणावी काय? मुळीच नाही. ती साधी आहेत, तुलनेने स्वस्त आहेत, आणि लहानशा छपराखाली पाती एका रेषेत करून ठेविता येतात. आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या एम्‌.आय.-१७ ला पाच पाती असून प्रत्येकीस वरखाली व पुढेमागे हलण्याच्या बिजागऱ्या व हेलकावे शमविणारे तेलाचे दट्टे आहेत. तेथे भार बिजागऱ्यांच्या झिजेत व देखभालीच्या खर्चात जातो. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केलेल्या ‘ध्रुव’ यंत्रास, ज्याचे पहिले उड्डाण १९९२ साली झाले, चार पाती आहेत आणि वरखाली व पुढेमागे हलण्याच्या बिजागऱ्या मुळीच नाहीत. तेथे तंतूंच्या बनविलेल्या पात्याचे मूळच बांबूसारखे लवते. निर्दोष रचना एकही नाही. आपण कोणता भार कोठे पाठविला आहे, हे ज्ञात असणे व तेथे पुरेशी मजबुती ठेवणे, एवढेच मनुष्याच्या हाती आहे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पत्र्याचे व वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतःच्या हातांनी एका माणसाचे हेलिकॉप्टर तयार केले. शालेय शिक्षण थोडे, साधने अल्प, पण जिद्द असामान्य. स्वातंत्र्यदिनी आपले यंत्र लोकांस दाखवावे अशी त्याची आकांक्षा होती. त्यापूर्वी काही दिवस रात्री जमिनीवरच चाचणी घेत असता, वृत्तपत्रांत आलेल्या हकिकतीप्रमाणे, शेपटीचे पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले व मुख्य पाते त्याच्या डोक्यास लागले. तो तरुण दगावला. वृत्तपत्रांनी त्याची स्तुती केली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि काही दिवसांत सर्व विसरून गेले.

आमच्या मते त्याच्यावर दोन प्रकारचा अन्याय झाला. ‘अडाण्याने नसत्या उठाठेवी केल्या’ असे म्हणणे हा एक. ज्याने पत्रा, नळ्या व मोटारीचे एंजिन यांतून असे यंत्र उभे केले, त्याच्या हातांत विद्या होती, हे नाकारणे कृतघ्नपणाचे आहे. पण नुसती स्तुती करणे हाही अन्यायच. शेपटीचे पाते मिनिटास दोन-अडीच हजार फेरे घेते; त्याच्या मुळाशी किती ओढ येते, ते कितव्या हेलकाव्यास थकेल, आणि ते तुटलेच तर तुकडा कोणत्या दिशेस जाईल, हे त्यास शिकविणारे कोणी भेटले नाही. सिएर्व्हाने वेताची प्रतिकृती केली, यंगने वर्षानुवर्षे प्रतिकृती मोडल्या. मोडले ते लाकूड होते. आमच्या मुलाजवळ हौस त्यांच्याइतकीच होती, परंतु प्रतिकृती मोडण्याची शिस्त त्यास कोणी दिली नाही. धैर्याचे कौतुक करून ज्ञान न देणारा समाज आपल्या होतकरू मुलांस फिरत्या पात्याखाली बसवितो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काही पालक म्हणतील, ‘आमच्या मुलाने असले काही करूच नये, म्हणजे झाले.’ ही चिंता स्वाभाविक आहे व आम्ही तिचा आदर करतो. परंतु बंदीने जिज्ञासा मरत नाही. ती फक्त रात्री, एकट्याने, कोणास न सांगता काम करू लागते. दुसरे पालक म्हणतील, ‘जंगलातल्या मुलास हेलिकॉप्टरच्या गणिताचे काय काम?’ त्यांस आमचा प्रश्न असा की, विहिरीचा रहाट, बैलगाडीचे जू, ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली, घराचा पाळणा यांत सांधे नाहीत काय? ट्रॉलीचा खिळा तुटून माणसे दगावतात, पाळण्याची कडी झिजून लेकरू पडते. भार कोठे जातो हा प्रश्न विचारण्याची सवय ज्यास लागली, तो यांपैकी प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडेल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत आठवड्यातून एक तास मोडतोडीचा असावा. बांबूची कामटी मेजाला आवळून तिच्या टोकास वजने टांगावी आणि ती कोठे मोडते ते लिहून ठेवावे. मग तीच कामटी दोरीच्या सांध्याने बांधून पुन्हा वजन टांगावे. कामटी वाकत नाही, पण दोरीवर काय येते ते पाहावे. लोखंडी तार पुढेमागे वाकवून ती कितव्या खेपेस तुटते ते मोजावे. थोडी वाकविली तर किती, जास्त वाकविली तर किती, याचा तक्ता करावा. कागद व कामट्या यांची लहान चक्री जाळीच्या पेटीत ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली व दूर उभे राहून फिरवावी. एकदा पाती पक्की आवळून, एकदा मध्ये झोक्याची बिजागरी देऊन. यास मोठा खर्च नाही. बांबू तर आमच्या दारात आहे. आणि ज्या मुलास यातून अधिक शिकण्याची इच्छा होईल, त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाट दाखविणे हे शिक्षकांचे व पालकांचे कर्तव्य होय. गावातील लोहार, सुतार व वेल्डर यांनाही अशा तासास सन्मानाने बोलवावे. त्यांच्या हातांतील अनुभव व आमच्या पुस्तकांतील गणित यांची गाठ पडली पाहिजे. ही गाठ न पडल्यानेच दोन्ही दुबळी राहिली आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे वैमानिक होईल, कोणी यंत्रज्ञ, कोणी शेतकरी, कोणी वनरक्षक. जे काही कराल त्यात सांधे असतीलच, आणि प्रत्येक सांध्यातून काही ना काही भार जात असेलच. एखादी युक्ती भार हलका करते असे कोणी सांगितले, तर आनंद जरूर माना. पण लगेच विचारा की तो भार आता कोणाच्या अंगावर गेला. यंत्राच्या खिळ्यावर गेला असेल तर तो खिळा तपासा. आणि माणसाच्या जिवावर गेला असेल, तर ती युक्ती कितीही चतुर असली तरी पुन्हा मेजावर घ्या, कामटीची करा, आणि प्रथम कामटीच मोडू द्या.